ससा कसला, मेमरी गुरू!

ऑफिसातल्या एसीची घरघर तुम्हाला शेवटची कधी ऐकू आली होती? आठवत नाही ना? पण बॉसची एकदा सणसणीत बोलणी खा, मग त्याच्या केबिनचं दार नुसतं करकरलं तरी पोटात गोळा! यामागचा फंडा शोधताना मला भेटली चक्क एक समुद्री गोगलगाय. नाव ॲप्लिसिया, टोपणनाव सी हेअर, म्हणजे समुद्री ससा.

डोक्यावरच्या दोन शिंगांमुळे सशाच्या कानांचा भास होतो, एवढंच. बाकी खानदान गोगलगायी आणि शंखांचंच : मृदुकाय प्राण्यांमधला उदरपाद वर्ग, पोटाखालच्या पायावर सरकणारी मंडळी. फक्त हिच्या शंखाची कातडीआड दडलेली पातळ चकती झालीये. मग बचाव कसा? खाल्लेल्या लाल शैवालातल्या रंगापासून बनवलेली जांभळी शाई शत्रूवर सोडायची!

शास्त्रज्ञ मात्र भाळले ते हिच्या चेतासंस्थेवर. जेमतेम २० हजारांच्या आसपास चेतापेशी, त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. एरिक कँडेल यांनी म्हणूनच हिला निवडलं. व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबातले कँडेल १९३९ मध्ये, ९ वर्षांचे असताना, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत आले. त्या दिवसांच्या आठवणी कधीच पुसल्या गेल्या नाहीत. आठवण टिकते कशी, हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता लॅबमधला नव्हता.

प्रयोग साधा. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीला हलकासा स्पर्श केला, की ही कल्ले आत ओढते. तसंच पुन्हापुन्हा केलं, की दुर्लक्ष करायला लागते. हाच आपला एसी! शेपटीला शॉक दिला, की मग हलक्या स्पर्शानेही जोरात दचकते. हीच केबिन! एका शॉकची आठवण काही मिनिटं राहते. रोज ४ असे ४ दिवस दिले, तर काही आठवडे. तात्पुरत्या आठवणीत चेतापेशींमधले जुनेच जोड मजबूत होतात. टिकाऊ आठवणीसाठी नवी प्रथिनं बनतात, नवे जोड फुटतात. या कामासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं, आणखी दोघांसोबत विभागून.

तेव्हा नवी भाषा शिकताय? परीक्षा देताय? एका रात्रीत सगळं कोंबू नका. रोज थोडं, मध्ये विश्रांती. जेमतेम वर्षभर जगणाऱ्या या गोगलगायीला जे जमतं, ते आपल्याला का जमू नये?