संगणक आणि दप्तर

न्हावरेसारख्या गावातील शिक्षक वा लिपिक संगणकाशी झगडतो, तो बहुधा अक्षरांपायी. जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडावा, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता समोर यावा! कारण उघड आहे. त्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीची केवळ चित्रे चढविली होती. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्वतःचे संकेतांक मिळाले; तरीही जुन्या फाँटांची सवय पुढे वर्षानुवर्षे टिकली.

यंत्र मनाजोगते वळविण्याचा आनंद मोठाच आहे. निकालपत्रकात एकदा सूत्र बसविले की वर्गातील सर्वांची बेरीज आणि टक्केवारी क्षणात होते. रात्रीचे जागरण वाचते. परंतु ती सोय एकट्याच्याच हिकमतीवर उभी असेल, तर त्याच्या बदलीबरोबर तीही जाते आणि मागे उरणाऱ्यास कोडे पडते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा आणि प्रत्येक सूत्राची रीत साध्या मराठीत लिहून ठेवावी. दप्तर गावाचे असते; ते पुढच्या माणसाला वाचता येईल असे ठेवणे, हे ते सांभाळणाऱ्याचे कर्तव्यच होय.