झेडलिब वापरली, मग लायसन्सचं काय?

पायथनमध्ये जीझिप फाइल लिहायला एखादी ओळ पुरते. त्यामागे झेडलिब ही लायब्ररी काम करत असते, हे बऱ्याच जणांना माहीतही नसतं. लायसन्सचा प्रश्न उभा राहतो तो उशिरा: पेपरसोबत कोड प्रसिद्ध करताना, किंवा एखादी कंपनी तुमचं टूल मागते तेव्हा. तोवर लायब्ररी बदलणं जड जातं. म्हणून नेहमी विचारले जाणारे चार प्रश्न आधीच पाहून घ्या.

झेडलिबच्या अटी काय आहेत?
ज्याँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांची ही लायब्ररी १९९५ पासून उपलब्ध आहे. तिच्या अटी तीनच: मूळ कोड आपण लिहिला असं भासवू नका, बदल केले असतील तर तसं स्पष्ट लिहा, आणि सोर्समधली लायसन्सची सूचना काढू नका. व्यावसायिक वापरही चालतो. श्रेय द्यायची सक्ती नाही, पण प्रबंधात जरूर द्या.

फक्त लॅबपुरतं वापरलं तर?
स्वतःच्या मशीनवर चालवायला जीपीएलसुद्धा आडवं येत नाही. तिच्या अटी लागतात त्या प्रत दुसऱ्याला देताना. आणि कॉम्प्रेस केलेला डेटा तुमचाच राहतो. लायब्ररीचं लायसन्स त्याला चिकटत नाही.

सगळं ओपन सोर्स सारखंच ना?
नाही, आणि खरी गोची इथेच आहे. एलझेडओ ही लायब्ररी जीपीएलखाली आहे. ती तुमच्या प्रोग्रॅमला लिंक करून तो वाटलात, तर अख्खा प्रोग्रॅम जीपीएलच्या अटींवर, सोर्ससकट द्यावा लागतो. याच कारणामुळे अपाचे हडूपसोबत एलझेडओ येत नाही, ती वेगळी बसवावी लागते. एलझेड४ मध्ये तर एकाच प्रोजेक्टमध्ये दोन लायसन्स आहेत: लायब्ररी बीएसडीखाली, कमांड लाइन टूल जीपीएलखाली. अनआरएआरचा सोर्स मिळतो, पण त्यावरून आरएआरची कॉम्प्रेशन पद्धत पुन्हा बनवायला मनाई आहे. म्हणजे सोर्स दिसतो, तरी ते ओपन सोर्स नव्हे.

मग नेमकं करायचं काय?
लायब्ररी निवडतानाच तिची लायसन्सची फाइल उघडून वाचा. प्रोजेक्टच्या पानावरच्या एका शब्दावर विसंबू नका. ज्या फोल्डरमधला कोड घेताय, त्याचंच लायसन्स तपासा. लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि कॉम्प्रेशन लेव्हल नोंदवून ठेवा. आवृत्ती बदलली की तोच डेटा कॉम्प्रेस करूनही फाइलचे बाइट वेगळे येऊ शकतात. उलगडल्यावर डेटा मात्र तोच मिळतो. त्यामुळे चेकसम मूळ डेटाचा द्या, कॉम्प्रेस केलेल्या फाइलचा नको.

टूल कंपनीला द्यायचं ठरलं, तर सही करण्याआधी संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षाला विचारा. तेव्हा वापरलेल्या लायब्ररींची ही यादी तुमच्या हातात तयार हवी.