झोंपेंतील श्वासास वाऱ्याचा टेका

घोरणारा मनुष्य गाढ झोंपेंत आहे, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. मोठ्यानें घोरणाऱ्यास कुंभकर्णाची उपमा देऊन घरांतील मंडळी हंसतात आणि कूस बदलून झोंपीं जातात. परंतु त्याच घोरण्यांत मधूनच आवाज एकाएकीं बंद पडतो, दहा, वीस, कधीं तीस सेकंद छाती नुसती धडपडते, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंकार होऊन श्वास पुनः सुरू होतो. हें ज्यानें शेजारीं जागें राहून ऐकलें आहे, त्याला हंसूं येत नाहीं. झोंपेंत गळ्याचे स्नायू सैल पडून जिभेमागील श्वासमार्ग मिटूं लागतो, या विकारास डॉक्टर ‘स्लीप अॅप्निया’ म्हणतात.

याचा हिशेब तासावर करतात. श्वास अडण्याचे वा मंदावण्याचे प्रसंग तासांत पांचांहून कमी असले तर काळजी नाहीं. पंधरांच्या आंत सौम्य आणि तिसांच्या पुढें तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनीं मेंदूनें अर्धवट जागें होऊन गळा उघडावयाचा. असा मनुष्य आठ तास पडून राहिला तरी सकाळीं थकलेलाच उठतो, आणि भर दुपारीं वाहन चालवितांना त्याला डुलकी लागते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं ३५ ते ६५ वर्षांच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शंभरांत सुमारें साडेसात जणांना हा विकार दिवसाच्या झोपाळूपणासह असावा, असें दिसून आलें.

यावरील मुख्य उपाय औषध नव्हे, वारा आहे. ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं १९८० सालीं सिडनी येथें प्रथम हा प्रयोग केला आणि पुढील वर्षीं पांच रोग्यांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत छापला. तत्पूर्वीं तीव्र विकार असलेल्यास गळ्याला भोंक पाडून नळी बसविणें हाच खात्रीचा इलाज होता. सलिव्हन यांनीं पंख्याची हवा नाकावाटे सतत दाबून दिली आणि मिटणारा गळा त्या हवेच्या टेक्यानें उघडा राहिला. या पद्धतीस ‘सीपॅप’ म्हणतात. दाब कांहीं प्रचंड नसतो. पाण्यानें भरलेल्या उंच भांड्यांत नळी दहा सेंटिमीटर बुडवून फुंकली असतां बुडबुडे निघण्यास जेवढा जोर लागतो, तेवढाच जोर दहा सेंटिमीटर दाबाचा. घरगुती यंत्रें बहुधा चारपासून वीसपर्यंत दाब देतात. कोणास किती द्यावयाचा, हें निद्रापरीक्षेनंतर डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें.

आतां प्रश्न सोईचा. परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें गांव आहे. यादवकालीन शैलीचीं देवळें आणि जुनी बारव यांसाठीं अभ्यासक तेथें जातात. अशा गांवीं आई-वडील राहतात आणि मुलगा पुण्यास किंवा संभाजीनगरास नोकरीस असतो, हें आज कित्येक सुशिक्षित घरांचें चित्र आहे. वडिलांचा श्वास अडतो असें कळतांच मुलगा शहरांतील दुकानांत जाऊन यंत्र निवडतो; पण तो निवडतो आपल्या थंडगार शयनगृहाच्या मापानें. तेंच यंत्र चारठाण्यास गेलें म्हणजे महिन्याभरांत कपाटांत जाऊन बसण्याची भीति असते, आणि कपाटांतील यंत्रानें कोणाचा श्वास चालत नाहीं.

दुकानदार प्रथम दाखवितो तो दाबाचा भेद. कांहीं यंत्रें रात्रभर एकच दाब देतात, कांहीं श्वासाचा अंदाज घेऊन तो आपोआप कमीजास्त करतात. दुसऱ्या प्रकाराची किंमत बरीच अधिक. परंतु अनेक चांचण्या एकत्र पाहतां रोगी तें यंत्र रात्रीं केवळ कांहीं मिनिटेंच जास्त वापरतात. प्रारंभीं दाब हळूहळू चढविणें, श्वास सोडतांना तो थोडा उतरविणें, याही सोयी बहुतेक नव्या यंत्रांत असतात. कोणाला त्यांनीं फार बरें वाटतें, कोणाला फरक कळतही नाहीं. श्वास घेण्याचा व सोडण्याचा दाब निरनिराळा ठेवणारें ‘बायपॅप’ ही सीपॅपची श्रीमंती आवृत्ति नव्हे. तें वेगळ्या रोग्यांसाठीं आहे.

खरी सुखदुःखें असतात तीं मुखवट्याचीं, आणि दुकानांत सर्वांत कमी वेळ दिला जातो तोही त्यालाच. नाक व तोंड दोन्ही झांकणारा मोठा मुखवटा नवख्याला सुरक्षित वाटतो. परंतु त्यांतून हवा अधिक गळते, दाब पुष्कळदां जास्त लागतो, आणि तो टाकून देणारेही अधिक असतात. नाक मोकळें असेल तर नुसता नाकावरचा मुखवटा बरा. भरघोस मिशा असणाऱ्यांची अडचण निराळी. मुखवट्याची कड मिशांवर टेकली कीं हवा सुटून डोळ्यांत जाते. मराठवाड्यांतील ज्येष्ठ मंडळींना मिशा काढावयास सांगण्यापेक्षां नाकपुड्यांत टेकणाऱ्या मऊ बोंड्यांचा मुखवटा देणें शहाणपणाचें. स्त्रियांनीं रात्रीं चमकी उतरून ठेवावी. वीज गेली तर जीव गुदमरेल, ही भीति मात्र अनाठायीं आहे. मोठ्या मुखवट्यांत बाहेरची हवा आंत घेणारी झडप असते, आणि नाकावरच्या मुखवट्यांत तोंड मोकळेंच असतें.

त्यानंतर ओलावा. एप्रिल-मे महिन्यांत चारठाण्याच्या बाजूची हवा इतकी कोरडी असते कीं यंत्राच्या वाऱ्यानें नाक व घसा सोलवटल्यासारखा होतो. म्हणून तापविलेल्या पाण्यावरून हवा नेणारें भांडें यंत्रास जोडतात. खोलींत पाण्याचा कूलर लावला असेल, किंवा पावसाळा असेल, तर हाच ओलावा नकोसा होतो आणि कळ उतरवावी लागते. थंडींत याच्या उलट घडतें. परभणीस कडाक्याच्या दिवसांत पारा पांच अंशांच्या खालीं उतरलेला आहे. अशा रात्रीं उबदार वाफ गार नळींत थिजते आणि पहांटे पाण्याचे थेंब नाकावर येतात. आंतून तापणारी नळी घ्यावी, नाहीं तर नळीवर जाड कापडाची खोळ शिवावी. यंत्र डोक्यापेक्षां खालच्या पातळीवर असलें म्हणजे साचलेलें पाणी परत भांड्याकडे जातें. जमिनीवर गादी घालून निजणाऱ्या घरांत ही गोष्ट कोणी लक्षांत घेत नाहीं. तेथें खाट हवीच. भांड्यांत विहिरीचें जड पाणी घालूं नये, क्षार धरतात. ऊर्ध्वपातित पाणीच घालावें.

ओळखीच्या यंत्रांपैकीं रेसमेड कंपनीचें ‘एअरसेन्स १०’ सुमारें सव्वा किलो वजनाचें व अतिशय मंद आवाजाचें आहे. त्यापुढील ‘एअरसेन्स ११’ला स्पर्शानें चालणारा पडदा आहे. पडद्यापेक्षां साधें बटण आजोबांना कदाचित् सोपें जाईल. त्याच कंपनीचें ‘एअरमिनी’ ३०० ग्रॅमचें, प्रवासास उत्तम. पण त्याला ठराविकच मुखवटे चालतात आणि पाण्याचें भांडें नाहीं, म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तें रोजच्या उपयोगाचें नव्हे. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलची ख्याति ओलावा राखण्याविषयीं आहे. बीएमसी हें चिनी यंत्र स्वस्त पडतें. तें घेतांना दुरुस्ती जवळ कोठें होते, एवढें आधीं विचारावें. फिलिप्सच्या ‘ड्रीमस्टेशन’च्या पहिल्या पिढीबद्दल सावध राहावें. आवाज दाबण्यासाठीं आंत बसविलेला फोम झिजून त्याचे कण व वायु श्वासांत जाण्याचा संभव आढळल्यानें जून २०२१ मध्यें कंपनीनें लक्षावधि यंत्रें परत मागविलीं. उष्ण व दमट हवेंत ही झीज वाढूं शकते, असेंही त्या सूचनेंत म्हटलें होतें. जुन्या वस्तूंच्या बाजारांत असें यंत्र स्वस्तांत मिळालें तरी घेऊं नये.

कोणतेंही यंत्र हवा थंड करीत नाहीं. खोलींतील हवाच तें पुढें लोटतें. बहुतेकांची कार्यमर्यादा ३५ अंशांपर्यंतची असते, तेव्हां मे महिन्यांत तापलेल्या पत्र्याखालच्या खोलींत त्याच्याकडून फार अपेक्षा करूं नये. वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टर हवा. सर्वांत अधिक वीज खातें तें पाणी व नळी तापविणें. तेवढें बंद ठेवलें तर त्याच बॅटरीवर यंत्र कितीतरी अधिक वेळ चालतें. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत धूळ इतकी उडते कीं पुस्तिकेंत लिहिलेल्या मुदतीची वाट न पाहतां गाळणी आठवड्यास तपासावी, आणि काळवंडली असेल तर बदलावी.

पैसे भरण्यापूर्वीं यंत्र व निदान दोन प्रकारचे मुखवटे आठ-दहा रात्रींसाठीं भाड्यानें मिळतात का, हें विचारून पाहावें. त्या रात्री पुण्यास काढूं नयेत, चारठाण्यासच काढाव्यात. किती तास वापर झाला, हवा किती गळली आणि श्वास तासाला कितीदां अडला, याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतें. ती डॉक्टरांस दाखवावी. आणि रात्रीं हुंकार थांबले कीं नाहीं, हें शेजारच्या खाटेवरील माउलीस विचारावें.