चकाकीखालचे लोखंड

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला आधीच बजावून ठेवले होते : लसीकरण नको, कुपोषण नको, आणि ‘मोबाइल व मुले’ हा विषय तर मुळीच नको. "डॉक्टर, या वेळी छंदाविषयी लिहा." माझा छंद गोल्फ. परंतु माझा खेळ असा आहे की त्याविषयी मौन पाळणेच श्रेयस्कर. म्हणून खेळाविषयी न लिहिता ज्या साधनांनी तो खेळला जातो त्यांच्याविषयी, त्यातही जपानी घडीव आयर्नना नवे रूप देण्याच्या कारागिरीविषयी लिहितो. विषय अपरिचित वाटेल. तथापि त्यात धातू आहे, व्रण आहेत आणि शस्त्रक्रिया केव्हा करू नये हा प्रश्नही आहे. तेव्हा वैद्यकीय वाचकांना तो अगदीच परका वाटू नये.

ज्यांनी मला राजवाड्याच्या आवारातील मैदानावर हाती धरून गोल्फ शिकविला, ते आमचे ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ स्नेही 2016 साली गेले. वर्षश्राद्धानंतर वहिनींनी त्यांची पिशवी माझ्याकडे दिली. तीत मिझुनो कंपनीचा आठ आयर्नचा संच होता : तीनपासून नऊ नंबरपर्यंत सात आणि एक पिचिंग वेज. तीन, चार व पाच जवळजवळ कोरे होते, कारण लांब आयर्न ते क्वचितच काढीत. सहा, नऊ आणि वेज यांच्या तळाचे क्रोम उडून तांबूस गंज दिसू लागला होता. आठ नंबरवर दगडाचे दोन ओरखडे होते. आणि सात नंबरच्या मुखावर, अगदी मधोमध, जुन्या रुपयाएवढा फिकट डाग पडला होता. हजारो चेंडू नेमके त्याच जागी लागल्याशिवाय असा डाग पडत नाही. माझ्या आयर्नवर तो कधी पडणार नाही. माझे चेंडू मुखाच्या सर्व भागांना समान न्याय देतात.

आयर्न दोन प्रकारचे असतात, ओतीव आणि घडीव. ओतीव आयर्न बहुधा स्टेनलेस पोलादाचे, कठीण आणि न गंजणारे. जपानी कारागिरांचे नाव झाले ते घडीव आयर्नसाठी. तापवून लाल केलेली मऊ पोलादाची कांब साच्यात ठोकून त्यांना आकार देतात. हे पोलाद जपानी मानकांत एस-20-सी वा एस-25-सी या नावांनी ओळखले जाते. दुसऱ्यात कार्बनचे प्रमाण 0.22 ते 0.28 टक्के एवढेच असते. इतके मऊ पोलाद मानेपाशी वाकवून कोन अंशाअंशाने बदलता येतो. चेंडू नेमका बसला की हाताला होणारा स्पर्शही मृदू असतो, असे खेळाडू सांगतात. या मऊपणाची किंमत म्हणजे गंज. तो टाळण्यासाठी वर मुलामा द्यावा लागतो : सामान्यतः प्रथम तांब्याचा पातळ थर, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम. गंजापासून खरे संरक्षण निकेल देते. आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो तो थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. लहानपणी दांडिया बाजारात कल्हईवाला यायचा. भाता, नवसागराचा तो धूर आणि पातेल्यात क्षणात पसरणारी पांढरी चमक पाहत आम्ही पोरे उभी असायचो. आयर्नचे प्लेटिंगही तसेच काहीतरी असणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

ती समजूत मला महाग पडली. 2017 मध्ये प्रयोग म्हणून केवळ आठ नंबर देण्याचे ठरविले. मैदानावर ग्रिप बदलून देणाऱ्या कारागिराने शाफ्ट काढून डोके वेगळे करून दिले. एका परिचित सोनाराच्या काट्यावर ते 274.6 ग्रॅम भरले. माझ्या दवाखान्यातील अर्भकांच्या काट्यावर एवढ्या सूक्ष्म फरकासाठी विसंबता येत नाही. मग ते शहराबाहेरील एका प्लेटिंगच्या कारखान्यात दिले. तेथे नळाच्या तोट्या आणि मोटारसायकलींचे भाग चकचकीत होत होते. चौथ्या दिवशी डोके परत आले ते आरशासारखे. ओरखडे नाहीसे झाले होते. त्यांच्याबरोबर मागील अक्षरांच्या कडाही विरघळल्या होत्या, मुखावरील खाचा पुसट झाल्या होत्या आणि तळाची धार गोल झाली होती. सोनाराने पुन्हा वजन केले : 266.2 ग्रॅम.

हा 8.4 ग्रॅमचा फरक किरकोळ वाटेल. परंतु आयर्नच्या संचात लगतच्या दोन नंबरांच्या डोक्यांत साधारण 7 ग्रॅमचेच अंतर ठेवलेले असते. शाफ्टची लांबी अर्ध्या इंचाने घटते आणि वजन 7 ग्रॅमने वाढते, म्हणून प्रत्येक क्लब हातात सारखाच भासतो. माझा सात नंबर 267.9 ग्रॅमचा, म्हणजे आठ नंबर आता साताहून हलका झाला होता! डोक्यातील दर 2 ग्रॅमला स्विंगवेटचा सुमारे एक अंश जातो. त्या हिशेबाने क्लब डी-2 वरून सी-8 वर उतरला. हे घडले कसे, त्याचे गणित मी घरी मांडून पाहिले. डोक्याचा एकूण पृष्ठभाग ढोबळमानाने 80 चौरस सेंटीमीटर धरला आणि पोलादाची घनता 7.85, तर सर्वत्र केवळ एक दशांश मिलिमीटर धातू घासला गेला तरी 6 ग्रॅमहून अधिक वजन जाते. उलट 20 मायक्रॉन निकेल चढविले तर जेमतेम दीड ग्रॅम परत मिळतो. बफच्या चाकापाशी आणखी अर्धा मिनिट उभे राहिल्याने जे जाते, ते प्लेटिंगच्या टाकीत परत येत नाही.

वहिनींना तो क्लब दाखविला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही काठी यांची नव्हे ना?" त्यांचीच आहे, असे मी सांगितले खरे, पण आवाजात जोर नव्हता.

त्या कारखान्यात आणखी एक गोष्ट घडली. क्लब आणायला गेलो तेव्हा टाकीपाशी काम करणाऱ्या गृहस्थाने मला ओळखले. त्याच्या मुलीच्या दम्यावर माझ्याकडे उपचार झाले होते. नमस्कारासाठी जोडलेल्या त्याच्या हातांच्या पेरांवर गोल, खोल, कडा उंचावलेले तीन-चार व्रण होते. दुखत नाहीत, असे तो म्हणाला. नाकात सतत खपल्या धरतात आणि अधूनमधून रक्त येते, हेही त्याने जाता जाता सांगितले. हे चित्र आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते, पण बालरोगतज्ज्ञाला ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग क्वचित येतो. मी त्याला आपल्याच एका कान-नाक-घसातज्ज्ञ सभासदाकडे पाठविले. नाकाच्या मधल्या पडद्याला छिद्र पडलेले होते. प्लेटिंगच्या टाकीतील क्रोमियम षट्‌संयुजी असते. विद्युतधारा सुरू होताच टाकीतून बुडबुडे उठतात आणि त्यांच्याबरोबर क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत येतात. टाकीच्या काठावर हवा ओढून घेणारी व्यवस्था नसेल तर ते कामगाराच्या नाकात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्येच षट्‌संयुजी क्रोमियमला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. युरोपीय संघात सप्टेंबर 2017 पासून क्रोमियम ट्रायॉक्साइड विशेष परवानगीवाचून वापरता येत नाही. त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय आहे. त्याची छटा किंचित काळसर येते एवढेच. त्या गृहस्थाला मी हातमोजे, मुखपट्टी वगैरे सांगितलेच, पण माझ्या पेशाला अनुसरून मुख्य उपदेश हा केला की कामाचे कपडे घालून घरी जाऊ नये आणि ते मुलीच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. तपासणीसाठी तो एकदा आला. पुढे त्याने ते काम सोडल्याचे कळले.

उरलेल्या सात आयर्नना मी मग दोन वर्षे हात लावला नाही. कन्या नोकरीनिमित्त ओसाकाला होती, म्हणून 2019 च्या वसंतात तेथे जाणे झाले आणि शाफ्ट काढलेली आठही डोकी मोज्यांत गुंडाळून बरोबर नेली. हा संच मूळचा हिरोशिमाचा, कारण मिझुनोचे घडीव आयर्न तेथे ठोकले जातात. निइगाता प्रांतातील त्सुबामे हे दुसरे मोठे केंद्र. काटे-चमच्यांच्या आणि धातूला झिलई देण्याच्या धंद्यावर वाढलेले हे गाव. ॲपलच्या पहिल्या आयपॉडची आरशासारखी पाठही तेथील कारागिरांनीच घासली होती. आम्हांला जवळ पडले ते ह्योगो प्रांतातील हिमेजी. त्याच्या उत्तरेला बान्तान लोहमार्गावर इचिकावा नावाचे छोटे गाव आहे. जपानमध्ये बनलेल्या पहिल्या आयर्नचे जन्मस्थान म्हणून ते स्वतःची ओळख सांगते. मिउरा हे गोल्फच्या जगातील प्रतिष्ठित नावही याच परिसरातले. तेथील एका लहानशा ‘कोबो’त, म्हणजे कारागिराच्या कार्यशाळेत, कन्येने वेळ ठरविली होती.

सत्तरीच्या पुढचे ते गृहस्थ. त्यांनी आठही डोकी कापडावर ओळीने मांडली, एकेकाचे वजन करून खडूने पाटीवर लिहिले, खाचांमध्ये मापाची पातळ पट्टी घालून पाहिली. आठ नंबरपाशी आले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी मान खाली घातली. कन्येने भाषांतर करण्याचेही टाळले.

मग त्यांनी काम समजावून दिले. प्रथम जुना मुलामा उतरवायचा, तोही घासून नव्हे तर रसायनाने : क्रोम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सुटते, निकेलसाठी डोके आम्लाच्या टाकीत टांगून विद्युतधारा उलट दिशेने सोडतात. म्हणजे खालच्या पोलादाला जवळजवळ धक्का लागत नाही. उघड्या झालेल्या लोखंडावर किती खोल मार आहे ते मग दिसते. उथळ ओरखडे काढायचे, खोल असतील ते राहू द्यायचे, कारण एक खड्डा नाहीसा करायचा तर भोवतालचा सारा प्रदेश त्याच्या पातळीला आणावा लागतो. आमच्या कारखान्याने नेमके हेच केले होते. पट्ट्याच्या घर्षणयंत्रावर भरड दाण्यापासून बारीककडे जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर काटा पाहायचा. अक्षरांच्या व खाचांच्या कडांकडे सर्वांत शेवटी आणि सर्वांत मऊ चाकाने वळायचे. कोन वाकवून घ्यायचे असतील ते मुलाम्यापूर्वीच, नाही तर मानेपाशी निकेलला तडे जातात. मुखावर वाळूचा बारीक मारा करून चकाकी मारायची, जेणेकरून उन्हात डोळे दिपू नयेत. त्यालाही नियमाची मर्यादा आहे : पृष्ठभागाचा खडबडीतपणा 180 मायक्रोइंच, म्हणजे साडेचार मायक्रॉनच्या आसपास. खाचांची खोली 0.508 मिलिमीटरहून अधिक चालत नाही. 2010 पासून लागू झालेल्या नियमाने त्यांच्या कडाही पूर्वीइतक्या तीक्ष्ण ठेवता येत नाहीत. तेव्हा झिजलेल्या खाचा पुन्हा कोराव्यात, ही माझी सूचना त्यांनी हातानेच बाजूला सारली.

गेलेले वजन परत आणण्यासाठी पुष्कळ जण पाठीवर शिशाची पट्टी चिकटवितात. तो पर्याय मात्र मी बाजूला सारला. रक्तातील शिशाची मुलांसाठी निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही हे आयुष्यभर पालकांना सांगायचे, आणि नातवंडे ज्या पिशवीत हात घालणार तिच्यात शिसे ठेवायचे, हे मला जमले नसते. त्याऐवजी त्यांनी आठ नंबरच्या शाफ्टच्या टोकात टंगस्टनची छोटी खुंटी बसविण्याचे ठरविले. वजन जुळेल, गेलेल्या खाचा मात्र गेल्याच.

अखेर त्यांचा निर्णय असा झाला. तीन, चार, पाच केवळ स्वच्छ करायचे. सहा, नऊ आणि वेज यांचा मुलामा उतरवून नवे रूप द्यायचे. सात नंबरला ते हात लावणार नव्हते. डागाच्या जागी खाचा इतक्या उथळ उरल्या होत्या की थोडेही घासले तर त्या संपतील. मी एकदा आग्रह करून पाहिला. त्यांनी आपला अंगठा त्या डागावर ठेवला आणि कन्येला काही विचारले. "बाबा, हे खेळणारे कोण होते असे विचारताहेत," ती म्हणाली. ते शल्यचिकित्सक होते, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवून सात नंबर पुन्हा मोज्यात घातला.

उरलेल्या तिघांवर कोणता मुलामा हवा, हा प्रश्न आला. सॅटिन क्रोम, काळा ऑक्साइड, किंवा जपानी खेळाडूंना प्रिय असलेला ‘नो-मेक्की’, म्हणजे मुलामा नसलेले उघडे लोखंड. मी उघडे लोखंड घेतले. यात फार मोठा त्याग नाही. माझ्या घरच्या नळांवर आणि मोटारीवर भरपूर क्रोम आहे, आणि योग्य व्यवस्था असलेल्या कारखान्यात ते काम सुरक्षितपणे करता येते. पण त्या पेरांवरचे व्रण पाहिल्यानंतर या तीन डोक्यांपुरते तरी ते मागावेसे वाटले नाही.

दोन महिन्यांनी कन्येबरोबर डोकी घरी आली. सहा, नऊ आणि वेज आता राखाडी, निस्तेज आणि काट्यावर अचूक आहेत. मैदानावर कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. आठ नंबरचे कौतुक मात्र अजून होते. खाचा नसल्याने त्याचा चेंडू हिरवळीवर पडून थांबत नाही, घरंगळत पलीकडे जातो. त्यासाठी मी आता एक नंबर कमी समजून अलीकडेच टप्पा पाडतो. बडोद्याच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस छटा चढते. म्हणून खेळून आल्यावर ते तिन्ही पुसून शिलाईयंत्राचे तेल लावतो, आणि त्याच फडक्याने सात नंबरही पुसून घेतो.