'मशीन चालू झालं' की 'झाली'? बरखेड्याच्या मराठीतील इंग्रजी नामे आणि क्रियापदे

इंग्रजीतले 'स्टार्ट' हे क्रियापद पाहा. 'द मशीन स्टार्टेड' म्हटले की यंत्र सुरू झाले आणि 'रमेश स्टार्टेड द मशीन' म्हटले की रमेशने ते सुरू केले. क्रियापदाचे रूप दोन्हीकडे तेच. कोणी काही केले की आपोआप घडले, हे इंग्रजी वाचकाला केवळ शब्दांच्या क्रमावरून कळते. स्टॉप, ओपन, ब्रेक, चेंज, बर्न अशी रोजच्या वापरातली पुष्कळ क्रियापदे याच चालीची आहेत.

मराठीला एवढ्याने भागत नाही. 'उघडणे', 'मोडणे' अशी थोडी क्रियापदे आपल्याकडेही दोन्ही कामे करतात; पण आपली नेहमीची रीत म्हणजे धातूचे रूपच बदलणे. तुटते ते आपोआप, तोडतो तो माणूस. फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, जळणे-जाळणे या जोड्या लहान मूल कोणी न शिकवता उचलते. इंग्रजी शब्दाचे रूप मात्र असे बदलता येत नाही. 'स्टार्ट'चे 'स्टारट' करून चालणार नाही. मग मराठी तो शब्द जसाच्या तसा उचलते आणि त्याच्यामागे आपले क्रियापद उभे करते. आपोआप घडले तर 'होणे', कोणी केले तर 'करणे'. मशीन स्टार्ट झालं, रमेशने मशीन स्टार्ट केलं. काळ, वचन, लिंग, नकार हे सगळे ओझे या शेवटच्या मराठी शब्दावर असते. इंग्रजी क्रियापद येथे पोहोचेपर्यंत क्रियापद उरलेलेच नसते. 'गुगलून बघ' यासारखे अपवाद आहेत, पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या योजनेचा एक फायदा कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'फाइल डिलीट झाली' आणि 'मी फाइल डिलीट केली' या दोन वाक्यांत नोकरीचे अंतर असू शकते!

भोपाळच्या बरखेड्यात हा विषय कोरडा राहत नाही. १९५६ साली नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ राजधानी झाले. जुन्या राज्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे तिकडून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने तिचा कारखाना उभा राहिला आणि पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा या भागांत कामगारांची वसाहत वसली. १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याबरोबर शब्दही घरात आले: शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, कँटीन, क्वार्टर, ट्रान्सफॉर्मर, इन्क्रीमेंट. ही सगळी नामे आहेत, आणि त्यात नवल नाही. नामाला भाषेत जागा मिळवायला दोनच गोष्टी लागतात, लिंग आणि विभक्ती. 'गेटपास'ला 'गेटपासचा', 'शिफ्ट'ला 'शिफ्टला' म्हटले की झाले.

विभक्ती सहज लागते. लिंगाचे तसे नाही. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना व्याकरणातले लिंग नाही, म्हणून प्रत्येक आलेल्या शब्दाला आपण ते द्यायचे. कधी जुन्या मराठी शब्दाचे लिंग नव्याला मिळते; पाळी ती, म्हणून शिफ्टही ती, आणि गाडी ती, म्हणून कारही ती. फोन, रेडिओ, शर्ट, पंप पुल्लिंगी झाले. परंतु फार मोठी भरती नपुंसकलिंगात झाली: ऑफिस, स्टेशन, टेबल, हॉटेल, तिकीट, बिल, इंजिन, लायसन, ट्रेनिंग, मशीन. ऑफिस उघडलं, स्टेशन आलं, ट्रेनिंग संपलं.

हिंदीत नपुंसकलिंग नाही. तेथे स्टेशन 'आता है' आणि मशीन 'चलती है'. प्रत्येक शब्द या किंवा त्या बाजूला जातो. वसाहतीच्या रस्त्यावर, शाळेच्या बसमध्ये, मैदानावर मूल हीच वाक्ये दिवसभर ऐकते आणि घरी येऊन म्हणते, 'आई, मशीन बंद झाली', 'स्टेशन आला', 'माझी ट्रेनिंग संपली'. आपण कान टवकारतो आणि दोष इंग्रजीला देतो, कारण वाक्यात इंग्रजी शब्द दिसतो. माझ्या मते हा दोष चुकीच्या दारात टाकला जातो. 'मशीन' शब्दाने काहीही बिघडवलेले नाही. त्याच्या मागचे 'झालं' गेले आहे, आणि ते हिंदीच्या साच्याने नेले आहे.

करणे-होणे या जोडीत मुले चुकत नाहीत, हेही याच कारणाने समजते. हिंदीतही करना-होना, तोड़ना-टूटना आहे. जेथे दोन्ही भाषांचा साचा एक, तेथे मराठी शाबूत. जेथे साचा वेगळा, तेथे ती झिजते. आज 'मशीन झाली' म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी उद्या 'पुस्तक फाटली' येते, कारण हिंदीत किताब आणि पुस्तक दोन्ही स्त्रीलिंगी. आणि नपुंसकलिंग हे केवळ टेबल-खुर्च्यांसाठी नाही. 'आमचं पोरगं', 'लेकरू झोपलं', 'बाळ हसलं' यातली माया त्याच लिंगातून येते. शेजारच्या गुजरातीने आणि कोकणीने ते टिकवले आहे; त्यामुळे ते जुने झाले म्हणून जाणारच, असे मानायचे कारण नाही.

उलट दिशेने, म्हणजे मराठी घरातून इंग्रजीकडे जाताना, अडचण 'हॅव'मध्ये येते. इंग्रजी 'हॅव' बहिणीला, पेनला, तापाला आणि क्लासला एकच. मराठी प्रत्येकाला वेगळे वागवते: मला एक बहीण आहे, माझ्याकडे पेन आहे, मला ताप आहे, माझा चार वाजता क्लास आहे. नाते आणि आजार 'ला'ने येतात, हातातली वस्तू 'कडे'ने. हिंदी वळणाचे मूल 'माझ्या दोन बहिणी आहेत' म्हणते. वाक्य अशुद्ध नाही, पण ऐकणाऱ्याला वाटते की दोघी समोर उभ्या आहेत. तेच मूल इंग्रजीत 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' म्हणते. 'हॅव'चा अर्थ 'जवळ असणे' असा असेल तर त्याला 'इंग' लागत नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' चालते, कारण तेथे जेवण्याची क्रिया चालू आहे.

परीक्षेचा गोंधळ तर घरोघरी. मराठीत आणि हिंदीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत विद्यार्थी 'टेक' करतो, शिक्षक 'गिव्ह' करतो. 'आय गेव्ह द एग्झाम' म्हणणारे मूल घरचे बरोबर वाक्य शब्दशः घेऊन निघालेले असते. निर्णयाच्या बाबतीत दोन्ही भाषा 'घेणे'वर एकमत होतात, लक्षाच्या बाबतीत मराठी 'देते' तर इंग्रजी 'पे' करते. नामाबरोबर कोणते क्रियापद जाते, याचा तर्काने नियम सांगता येत नाही. जोडीच लक्षात ठेवावी लागते.

म्हणून मराठी वर्गांसाठी, किंवा घरच्या घरी, शब्दांच्या याद्या करताना 'मशीन', 'परीक्षा', 'स्टेशन' असे सुटे शब्द लिहिण्यात फारसा अर्थ नाही. 'ते मशीन, मशीन चालू झालं, मशीन चालू केलं' आणि 'ती परीक्षा, मी परीक्षा दिली, बाईंनी परीक्षा घेतली' असे लिहावे. जागा तिप्पट लागते, पण एका पानावर दहा शब्द पुरेत.