बटाट्याचे नाव आणि कूळ

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो. बियाणे पंजाबचे, तिकडे त्याला म्हणतात आलू. संस्कृतात आलु म्हणजे कंद. फारसीत मात्र ते फळ. आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचे आलू!

आपला 'बटाटा' पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ शब्द वेस्ट इंडीज बेटांवरचा, आणि तिथे त्याचा अर्थ रताळे. अर्जेंटिनात आजही या नावाने रताळेच मिळते.

नाव एक, पण कूळ वेगळे. बटाट्याचे खरे भाऊबंद टोमॅटो, वांगी, मिरची. म्हणून बटाट्याचा करपा जुन्नरच्या टोमॅटोलाही गाठतो. जिवाणूंची मर तर जमिनीतच दबा धरून बसते. तेव्हा शेतकरी बंधूंनो, बटाट्यामागे टोमॅटो नको. फेरपालट करताना पिकाचे नाव नव्हे, कूळ विचारा!