बाशिंग : वाळलेली पाने काढू नका

मार्च महिना होता. आमच्या आवारातील आंब्याच्या खोडावर वाढलेल्या नेच्याची सारी पाने तपकिरी झालेली दिसली. नेचा मेला असे समजून आम्ही ती पाने ओरबाडून काढली. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी दोनचार खुरटी पानेच आली. चूक आमचीच होती.

हा नेचा म्हणजे बाशिंग (ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया). कोकणात व सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर तो आढळतो. पुष्कळजण त्याला बांडगूळ समजून तोडतात. बांडगूळ फांदीत शिरून झाडातील पाणी व क्षार शोषून घेते. बाशिंग झाडाचा केवळ आधार घेते.

बाशिंगाला दोन प्रकारची पाने असतात. दोनतीन फूट लांबीची हिरवी पाने अन्न तयार करतात. त्यांच्या मागील बाजूचे तपकिरी ठिपके म्हणजे रोग नव्हे, ते बीजाणूंचे पुंजके होत. हवा कोरडी झाली की ही पाने झडतात; मधल्या शिरांच्या काड्या तेवढ्या उरतात.

दुसरी पाने आखूड, बिनदेठाची आणि नवरदेवाच्या बाशिंगासारखी खोडाला टेकून उभी असतात. त्यांतील हरितद्रव्य लवकरच नाहीसे होते, पण ती गळत नाहीत. त्यांच्यामागे पालापाचोळा व धूळ साचते, कुजते आणि तिची माती होते. नेच्याची मुळे त्या मातीतून पाणी व क्षार घेतात. थोडक्यात, जमिनीत न रुजणारी ही वनस्पती आपली कुंडी स्वतःच तयार करते. आम्ही कचरा म्हणून फेकली ती ही कुंडी!

शाळेच्या आवारात बाशिंग लावणे सोपे आहे. वादळात मोडलेल्या फांदीवरचा किंवा रोपवाटिकेतला, टोकाला कोंब असलेला खोडाचा तुकडा घ्यावा. जंगलातून उपटून आणू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो सावलीतल्या, खरबरीत सालीच्या झाडाला काथ्याने बांधावा. मातीत पुरल्यास तो कुजण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात हिरवे पान नसले तरी काळजी नको. अधूनमधून थोडे पाणी शिंपडावे.

विद्यार्थ्यांनी दर महिन्याला हिरवी व तपकिरी पाने मोजून वर्षभर तक्ता ठेवावा. हिरव्या पानांचा आकडा पावसाबरोबर वरखाली होईल. तपकिरी पानांचा तसा होतो का, हे त्यांनाच शोधू द्यावे.